न ठरलेल्यांचा खण

बडोद्याच्या संग्रहालयात तो भुंगे मांडतो. कूळ नक्की कळल्याशिवाय नावाची चिठ्ठी लावत नाही. न ठरलेल्यांसाठी त्याने निराळा खण ठेवला आहे.

विलायतेत हीच विद्या शिकायला त्याने महाराजांच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. कचेरीत अर्जांची वाटणी माझ्याकडे होती. वैद्यक, बांधकाम, शेती एवढेच गठ्ठे. मला सुचेना, म्हणून मी त्याचा अर्ज शेतीत घातला. पिकाशी संबंध नाही म्हणून तो नामंजूर झाला. पुढच्या वर्षी त्याचं वय उलटलं.

मी त्याच्याजवळ चूक कबूल केली. "मला विचारायचंत, भाऊसाहेब," एवढंच तो म्हणाला.

तेव्हापासून नवा भुंगा आला की मला बोलावतो. "सांगा, कुठं घालू?"

ही थट्टा की क्षमा, मला कळत नाही. मी न ठरलेल्यांच्या खणाकडे बोट दाखवतो.