मुलगी नसलेल्या घरचा जावई

बाळांनो, पोलीस खात्यातल्या पुष्कळ केसेस मी विसरले. धानोरा भागातला तो सोळा वर्षांचा मुलगा मात्र आजही डोळ्यांसमोर येतो. गडचिरोली जिल्हा तेव्हा नवा होता. मी फौजदार होते आणि बायका-मुलांची प्रकरणं माझ्याकडे येत.

फिर्याद मुलाच्या काकाने दिली. मुलाचे वडील वारल्यावर त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे आई या धाकट्या दिरासोबत नांदत होती. पुतण्याला कोणीतरी पळवून नेलं, असं त्याचं म्हणणं. मोहाच्या दारूचा वास टेबलापर्यंत येत होता. आई दाराशी गप्प बसली होती. मूल हरवलेली बाई पोलिसांना नीट बोलू देत नाही. ही एक शब्द बोलली नाही. मला ते खटकलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी हवालदाराला खबर मिळाली, की जंगलातल्या एका गावात एका म्हाताऱ्याकडे नवा पोरगा राबतो आहे. आम्ही गेलो तेव्हा मुलगा धानाच्या रोवणीला वाकला होता. पाठीवर जुने वळ होते. म्हातारा म्हणाला, हा आमचा होणारा घरजावई. मुलीच्या घरी काही वर्षं काम करायचं आणि मग लग्न, अशी तिकडे रीतच आहे, म्हणून माझा विश्वास बसला. तेवढ्यात बांधावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"बुढ्याले पोरगीच नाई बाई, जावई कुठचा?"

अल्पवयीन मुलाला पळवल्याबद्दल अटक करावी लागेल, असं मी म्हाताऱ्याला सांगितलं. तेव्हा मुलगाच पुढे आला.

"मायनं आणून सोडलं मले. जावई म्हणून सांगा, असं तिनंच शिकवलं. मले वापस नेऊ नका बाई. काका जित्ता ठेवत नाई मंग."

काका कायद्याने पालक नव्हता, पालक आई. मुलाला आपणच ठेवलं, असा जबाब तिने दिला की गुन्हाच उरत नव्हता. पण तो जबाब काकाला कळणारच होता. मी तिला एकटीला बोलावून हे सगळं समजावलं. माहेरी जाशील का, विचारलं. माहेरी कोणी उरलं नव्हतं, आणि काकापासून झालेल्या दोन लहान मुली घरी होत्या. ती स्वतःच उठून ठाण्याबाहेर थांबलेल्या काकासमोर जाऊन उभी राहिली.

"पोराले मीच नेऊन देलं. कोणी पळवलं नाई. लिवा बाई."

तिने अंगठा दिला. मी काकाला दम भरला, चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घेतली. मुलगा म्हाताऱ्याकडेच राहिला. आमच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघालं.

काही आठवड्यांनी ती बाजारात दिसली. उजवा हात फडक्याने गळ्यात बांधलेला होता. फिर्याद दे, मी लगेच नोंदवते, असं मी पुन्हा पुन्हा म्हटलं.

"पोरी लहान हायेत बाई," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने मिठाची पिशवी उचलून चालू लागली.

मुलगा त्या घरातून सुटला, याचं मला समाधान आहे. पण असल्या घरातून एक जण निघून गेला की मार खाणारा एक कमी होतो. मारणारा तिथेच असतो, आणि गेलेल्याच्या वाट्याचंही उरलेल्यांना सोसावं लागतं. तिच्या तोंडून फिर्याद आली नाही, आणि फिर्यादीशिवाय माझ्या वर्दीला तिच्या दारात पाऊल टाकता आलं नाही.