नाकावर सुपारी बांधलेलं विमान

आमच्या ओसरीवर दिवसातून दोनदा केर काढावा लागतो. पतंगाच्या कागदाचे कपटे, कामट्यांची सालपटं, रबराच्या बारीक पट्ट्या. सकाळी लख्ख केलं की संध्याकाळी पुन्हा तेवढंच! आमच्या घरच्या गोष्टींचंही तसंच आहे. चैत्राच्या हळदीकुंकवाला बायकांना एखादी सांगून मी मोकळी होते, तोवर ओसरीवर दुसरं काहीतरी घडलेलं असतं. या खेपेला म्हटलं, सगळं एकदा सुपात गोळा करावं आणि काय काय निघतं ते बघावं.

आमच्याकडे विमानं होतात. माणसं बसायची नव्हेत हो! हातभर लांबीची, रबराला पीळ दिला की पंखा फिरून उडणारी. पण त्यांच्या पायी आमच्या घराचं काय काय उडालं, ते ऐका.

* * *

आमचे हे तेव्हा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. एके दिवशी बातमी आली, देवळालीच्या बाजूला माळावर खरंखुरं विमान उतरलंय. हे शाळा सुटल्या सुटल्या सायकल मारत गेले. परत आले ते उजवा हात अंगापासून लांब धरून!

मी पुढे धावले. "पडलात की काय? लागलं का कुठं?"

"छे! विमानाच्या पंखाला हात लावून आलोय."

मी पाट मांडला, हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी राहिले, तर हात पुढे करीनात! "आजच्या दिवस राहू दे ना," म्हणाले, "या हाताला अजून त्याचा वास आहे."

माझा सोवळ्यातला स्वयंपाक आणि यांचा हा हात! घरात चमचा नव्हता. शेवटी त्या रात्री आमचे हे संध्येच्या पळीने वरणभात जेवले. देवापुढे मीच नाक घासलं.

* * *

वर्षभरात शाळा सुटली. म्हणजे यांनी सोडली. ओसरीवर दुकान थाटलं आणि स्वतःच्या हाताने सुबक बोर्ड रंगवून टांगला : 'येथे उडणारी विमाने मिळतील.'

दिवाळीला मामंजी आले. त्यांची नांदगावला धान्याची आडत. हातातली वळकटी खाली न ठेवता त्यांनी गल्लीतच उभं राहून बोर्ड वाचला.

"उडणारी?"

"हो अण्णा."

"दाखव."

यांनी ओसरीवरून एक सोडलं. ते अंगण ओलांडून तुळशीपाशी जाऊन बसलं.

"गोविंदा," मामंजी म्हणाले, "एवढी तर कोंबडीसुद्धा उडते!"

मग जेवणं झाल्यावर, सुपारी कातरता कातरता, त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "रामनवमीपर्यंत मुदत. तुझं एक तरी विमान गंगेच्या या काठावरून निघून पंचवटीच्या काठावर उतरलं पाहिजे. काठावर! पाण्यात नव्हे. जमलं, तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही जमलं, तर बोर्ड उतरवायचा आणि आडतीच्या गादीवर येऊन बसायचं."

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. हे नुसतं "बरं" म्हणाले आणि ओसरीवर जाऊन तुळशीपाशी पडलेलं विमान पुसत बसले. ते पुसणं मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गंगेच्या स्नानाला गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि मनात म्हटलं, विमान पलीकडे जाईपर्यंत गोड खाणार नाही. कोणाला सांगितलं नाही. नेम बोलून दाखवू नये, असं आईनं शिकवलेलं. पण मुहूर्त कसला निवडला, बघा! घरात करंज्यांचा डबा काठोकाठ भरलेला आणि मामंजींचा मुक्काम अजून चार दिवस!

* * *

विमान हलकं हवं. कशानं हलकं होईल? हे गावभर हिंडले आणि बाशिंगं करणाऱ्याकडून भेंडाचे गठ्ठे घेऊन आले. भेंड म्हणजे पांढरं, कापसासारखं हलकं लाकूड. नवरानवरीच्या कपाळावरची बाशिंगं त्याचीच करतात.

बाशिंगवाल्याकडून गठ्ठेच्या गठ्ठे घरी येताना आमच्या शेजारच्या तात्यांनी पाहिले. आमच्या घरात लग्नाचं कोणी नव्हतं. आमच्या लग्नाला पाच वर्षं होऊन पाळणाही हलला नव्हता. तात्यांनी दोन अधिक दोन केले आणि गल्लीला उत्तर सांगून टाकलं!

दुपारी तात्यांची बायको आली. माझे दोन्ही हात हातात घेऊन डोळे पुसायला लागली. "धीर धर गं बाई. मास्तर दुसरं करताहेत, असं कळलं. पण सवतीला पहिल्या दिवसापासून धाकात ठेव हो!"

मला आधी कळेचना. कळल्यावर आत गेले आणि नुकतंच पुरं झालेलं विमान दोन बोटांवर तोलून घेऊन आले.

म्हटलं, "ही बघा सवत. पण अंगानं किती हलकी आहे!"

* * *

पंखे कोरायचं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबमधून रबराच्या पट्ट्या कापायचं काम उस्मानभाईंचं. भद्रकालीकडे त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. माणूस हाताचा सोन्यासारखा आणि तोंडाचा खट्याळ.

पहिलं मोठं विमान तयार झालं. गल्लीतली सगळी माणसं दारात उभी. यांनी रबराला पीळ दिला, विमान जमिनीवर ठेवलं, "श्रीराम" म्हटलं आणि सोडलं. विमान घरघरलं, थरथरलं आणि सुसाट मागं निघालं! मागं म्हणजे थेट यांच्या पायात, तिथून उंबऱ्याला धडकून उताणं!

पीळ उलटा बसला होता.

गल्लीत हशा. हे लालबुंद. उस्मानभाईंनी मात्र टोपी सारखी करत गंभीरपणे सांगितलं, "मास्तर, याचा काय कसूर? नवीन नवीन आहे. अजून घर सोडवत नाही त्याला!"

* * *

कागद ढिला पडायचा, ही एक कटकट होती. हे गव्हाच्या पिठाची खळ लावायचे. वाळली की कागदाला सुरकुत्या, आणि रात्रीतून उंदीर पंखच कुरतडून जायचे.

एका एकादशीला हे स्वयंपाकघरात आले. "जरा खळ शिजवून दे."

म्हटलं, "आज एकादशी. माझ्या चुलीवर आज धान्य चढायचं नाही."

"अगं, खायची नाहीये, चिकटवायची आहे!"

"विमान खाणार नसेल, पण चूल तर माझी आहे ना?"

बिचारे तोंड पाडून उभे राहिले. मला वाईट वाटलं. खिचडीसाठी साबुदाणा भिजवलेला होता, त्यातल्या मूठभराची पातळ कांजी करून दिली. तीच यांनी कागदावर फिरवली. आणि काय सांगू! संध्याकाळी कागद असा ताणून बसला की टिचकी मारली तर डफासारखा वाजावा!

तेव्हापासून आमच्या सगळ्या विमानांना साबुदाण्याचीच कांजी. तात्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी टोमणा मारलाच. "वा मास्तर! म्हणजे तुमची विमानं उपासाला चालतात!"

"चालत नाहीत," हे म्हणाले, "उडतात!"

* * *

पण खरं दुखणं वेगळंच होतं. विमान सोडलं की नाक वर करायचं, आभाळाकडे बघायचं, आणि शेपटीवर बसकण मारायचं. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. पंख पुढे सरकवून झाले, मागे सरकवून झाले. मुदतीचे दिवस सरत होते आणि हे जेवताना ताटातल्या पापडावर बोट ठेवून तोल बघत बसायचे.

माघातली गणेशचतुर्थी होती. नवं विमान पुरं झालं होतं. म्हटलं, आजपर्यंत कुठलंही कार्य आपण गणपती बसवल्याशिवाय केलं नाही आणि एवढं मोठं काम तसंच करतोय! मी एक सुपारी घेतली, गणपती म्हणून तिला हळदकुंकू वाहिलं आणि लाल दोऱ्याने विमानाच्या नाकाखाली घट्ट बांधून टाकली.

यांनी पाहिलं. पीळ दिला. सोडलं.

विमान सरळ निघालं! मान वर नाही, खाली नाही. अंगण, तुळस, भिंत ओलांडून तात्यांच्या कौलांवर जाऊन उतरलं!

हे दुसऱ्या दिवशी सोनाराकडे गेले, ती सुपारी तोलून आणली, तेवढ्याच वजनाचा शिशाचा तुकडा नाकात बसवला. तेही उडालं. आनंदाने ओरडले, "बघ! नाक जड हवं होतं. सगळं वजनाचं काम आहे!"

म्हटलं, "हो ना. पण किती वजनाचं, ते कोणी सांगितलं?"

शिसं डब्यात गेलं. सुपारी कायम राहिली.

* * *

सुपारीनंतर विमानं दूरदूर जायला लागली. पेठच्या एका हेडमास्तरांनी शाळेसाठी एक मागवलं. पंधरा दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. हे वाचता वाचता हसून लोळले. मग मी वाचलं :

'विमान उत्तम उडत होते. परवा आमच्या वडिलांनी जेवणानंतर त्याची सुपारी खाल्ली. तेव्हापासून विमान शेपटीवर बसते. कृपया दुसरी सुपारी धाडावी.'

यांनी उलट टपाली दोन धाडल्या आणि लिहिलं, 'एक विमानास, एक वडिलांस.'

आणि एक शेतकरी आला होता, गिरणारेकडचा. ओसरीवर उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. "मास्तर, ह्ये पाखरू लय झ्याक हाय. हुरड्यावरची चिमणी पळंल का याला भिऊन?"

हे म्हणाले, "पळेल की!"

घेऊन गेला. महिन्याने परत दारात!

"काय झालं? चिमण्या पळाल्या नाहीत?"

"चिमण्या पळाल्या, पर इमान बघाया सारं गाव शेतात येऊन बसतंय! चिमण्या बऱ्या व्हत्या मास्तर, त्या नुसत्या दाणं टिपत. ही मानसं जोंधळ्याची ताटं तुडवत्यात!"

म्हटलं, आता हा विमान परत करणार. पण तो डोक्यावरचं मुंडासं सारखं करत हळूच म्हणाला, "आनखी एक द्या. भावाच्या शेतात सोडतो. समदं गाव तिकडं जाईल."

* * *

विमानं अशी सगळीकडे उडत होती, फक्त गंगा ओलांडत नव्हती. फाल्गुनात दोन विमानं तिच्यात गेली. एक अर्ध्यावर, एक त्याच्याही अलीकडे. दोन्ही वेळा मी काठावरून हात जोडले. धुणं धुणारी एक बाई मला म्हणाली, "काकू, लोक गंगेला दिवे सोडतात. तुमच्यात विमानं सोडायची रीत आहे का?"

घरी येऊन मी देवापुढे बसले. म्हटलं, गोडाचं काही नाही रे रामा, पण यांना गादीवर बसवू नकोस. गादीवर बसलेला माणूस आभाळाकडे बघत नाही.

रामनवमी उजाडली. मामंजी सकाळच्या गाडीने आले. आल्या आल्या बोर्डाकडे एकदा बघितलं. पंचवटीत रामजन्माला मी त्यांच्याबरोबर गेले. बाराला पाळणा हलला, गुलाल उडाला, सगळ्यांच्या हातावर सुंठवडा पडला. प्रसाद टाकवत नाही आणि साखर खाववत नाही! मी तो हळूच पदराच्या टोकाला बांधला. मामंजींचं लक्ष गाभाऱ्याकडे होतं, निदान मला तसं वाटलं.

दुपारी वारा फिरला, गावाकडून पंचवटीकडे वाहायला लागला. घाटाच्या खालच्या अंगाला, पात्र जरा रुंद आहे तिथं, पलीकडे गावाच्या काठावर हे आणि उस्मानभाई. अलीकडे पंचवटीच्या काठावर मी, मामंजी आणि साक्षीदार म्हणून आपणहून आलेले तात्या. मामंजी अगदी शेवटच्या पायरीवर, उपरणं खांद्यावर, धोतर पांढरंशुभ्र, काठी रोवून उभे.

पलीकडे उस्मानभाईंनी पंखा धरला, यांनी पीळ दिला. देतच राहिले. मग हात वर झाला.

निघालं! कांजी लावलेला कागद उन्हात असा चमकला! धुणं धुणाऱ्या बायकांच्या डोक्यावरून वर चढलं, पात्राच्या मध्यावर आलं, मध्य ओलांडला! पलीकडून उस्मानभाईंची आरोळी ऐकू आली, "या अल्ला, चल बेटा!" मी पदराची गाठ मुठीत घट्ट धरली.

आणि पंखा थांबला. रबराचा पीळ संपला होता.

आता ते नुसतं तरंगत येत होतं. सरळ, नाक किंचित खाली, सुपारी पुढे. पण उतरत होतं. काठ आठ-दहा हात राहिला आणि पाणी जेमतेम वीतभर खाली. तात्या माझ्या मागून म्हणाले, "गेलं!"

तेवढ्यात पाण्याचा आवाज झाला. बघते तो मामंजी पायरीवर नाहीत! काठी पायरीवर आडवी, मामंजी कमरेइतक्या पाण्यात, आणि दोन्ही हातांनी ताणून धरलेल्या उपरण्यात विमान अलगद बसलेलं.

ते सावकाश वर आले. विमान उलटंसुलटं करून पाहिलं, सुपारीला कपाळ लावलं. कागदाला पाण्याचा थेंब नव्हता.

तात्या म्हणाले, "पण अण्णा, तुम्ही तर पाण्यात..."

"कोण पाण्यात? मी काठावर उभा होतो. माझ्या हातात येऊन उतरलं."

धोतरातून पाण्याची धार पायरीवर लागली होती. तात्यांनी धोतराकडे बघितलं. मामंजींनी तात्यांकडे बघितलं. तात्या आभाळाकडे बघायला लागले.

पलीकडे हे आणि उस्मानभाई एकमेकांना मिठ्या मारून नाचत होते. मामंजींनी विमान माझ्या हातात दिलं आणि उपरणं पिळता पिळता, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"सूनबाई, पदराची गाठ सोड आता. दिवाळीपासून बघतोय."