वेळ वाचवणारी मेहुणी

ब्रह्मदेवाने दिवस चोवीस तासांचाच केला ही त्याची ढोबळ चूक आहे, असं छातीठोकपणे सांगणारी व्यक्ती अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच आहे, आणि दैवयोगाने ती माझी धाकटी मेहुणी आहे. ती घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करते. काम नेमकं काय, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. मखमलाबादला फुलांची शेती करणारे माझे सासरे, म्हणजे अप्पा, कुणी विचारलं की "कंप्युटरवर असती" एवढंच सांगतात, जणू ती कुठल्या आगबोटीवर असते. पण काम हा तिच्या दिनक्रमाचा लहानसा भाग. उरलेला वेळ ती शिकत असते. जपानी भाषा शिकून झाली, शेअर बाजार शिकून झाला, भाषणकला शिकून झाली. मध्ये एकदा "नाही कसं म्हणावं" याचाही ऑनलाइन कोर्स केला. त्याची फी भरा म्हणाले तेव्हा तिला नाही म्हणता आलं नव्हतं, म्हणून तो घेतला होता. मी सरकारी कचेरीत कारकून असल्यामुळे वेळ वाया घालवण्याचा मला रीतसर अनुभव आहे, आणि नेमका तोच तिच्या डोळ्यांत सलतो. रविवारी जेवून मी आडवा झालो की ती उशाशी येऊन उभी राहते आणि म्हणते, "दाजी, एवढ्या वेळात माणूस गिटार शिकतो." मी आजवर जेवढा झोपलो आहे त्या हिशेबाने माझा एव्हाना वाद्यवृंद व्हायला हवा होता.

वेळ वाचवण्याच्या तिच्या पद्धतीही निरनिराळ्या असतात. एकदा तिने आम्हा सगळ्यांना बसवून एक नवी पद्धत समजावली: थोडा वेळ काम करायचं, घंटा वाजली की थोडी विश्रांती घ्यायची, पुन्हा काम. या पद्धतीला म्हणे टोमॅटोचं नाव आहे. अप्पांनी फुलांच्या आधी बरीच वर्षं टोमॅटोच लावले होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टोमॅटोनं कुणाला विश्रांती दिलेली म्या तरी पाह्यली नाय, पोरी." ती पद्धत त्या दिवशी तिथेच नासली.

आता अशा माणसाच्या आयुष्यात लग्न, बारसं, डोहाळजेवण असले प्रसंग येऊच नयेत. पण आले. आणि प्रत्येक प्रसंगाला तिने कामात अडथळा न आणण्याच्या अटीवर प्रवेश दिला. लग्नाची पैठणी घ्यायला आम्ही येवल्याला गेलो तेव्हा विणकरासमोर मांडी घालून बसलेल्या या नवरीच्या एका कानात मीटिंग चालू होती. विणकर बिचारा एकेक पदर उलगडून दाखवत होता. ती मोरपिशी पैठणीवर हात ठेवून बसली होती आणि तोंडाने तिकडच्या साहेबाला म्हणत होती, "येस, परफेक्ट, धिस वन!" त्या क्षणी विणकराच्या हातात भडक राणी रंगाची पैठणी होती. त्याने ती घडी घालून पिशवीत ठेवली आणि हात जोडले. मीटिंग संपल्यावर घोळ लक्षात आला, पण कबूल करेल ती मेहुणी कसली! "पटकन निर्णय घेता आला पाहिजे, दाजी," म्हणाली, आणि तीच पैठणी नेसून बोहल्यावर उभी राहिली.

बोहल्यावर तरी काय? मुंडावळ्यांच्या आड एका कानात व्याख्यान, तेही दुप्पट वेगाने. बायकोने, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीने, डोळे वटारले तर म्हणाली, "मंगलाष्टकं मला पाठ आहेत, ताई. उभं राहायचंच आहे तर ऐकत उभी राहते." पुढे विधी लांबत चालले तेव्हा तिने भटजींकडे झुकून विचारलं, "गुरुजी, जरा दीडपट वेगाने होईल का?" आम्हाला वाटलं, आता भटजी पळी-पंचपात्र घेऊन उठणार. पण त्यांना समोरच्या लॉन्सवर दुसरं लग्न लावायचं होतं. आयुष्यात प्रथमच असा समजूतदार यजमान भेटल्यासारखे त्यांचे डोळे पाणावले. नवरदेव सिन्नरच्या कारखान्यात शिफ्टने काम करणारा गरीब स्वभावाचा मुलगा. यंत्राच्या वेगाशी जुळवून घ्यायची त्याला सवय होती, म्हणून संसार सुरळीत सुरू झाला.

डोहाळजेवणाला अप्पांनी स्वतःच्या मळ्यातल्या शेवंतीचे दागिने करून आणले. झोपाळा सजला, बायका गाणी म्हणायला लागल्या, आणि ऐन ओटी भरताना मेहुणीच्या साहेबाचा व्हिडिओ कॉल आला. तिने तो घेतला. कमरपट्ट्यापासून मुकुटापर्यंत फुलं आणि हातात धनुष्यबाण अशा अवतारातली कर्मचारी पाहून तिकडचा गोरा माणूस खुर्चीत सावरून बसला. मग त्याने अदबीने विचारलं, युद्धावर निघाली आहेस का? ती म्हणाली, "साधारण तसंच." आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली.

मुलगी झाली. बाळंतपणाची रजा संपली आणि नवऱ्याच्या शिफ्टमुळे मेहुणी बाळाला घेऊन मखमलाबादला माहेरीच राहिली. मागच्या खोलीत तिचं ऑफिस, पुढच्या ओट्यावर आजी-आजोबा आणि मधल्या घरात चिऊ. आता तिच्या अभ्यासाचा विषय चिऊ झाली. कुठल्या महिन्यात पालथं पडावं, कधी बसावं, कधी रांगावं, याचं सगळं शास्त्र तिने वाचून काढलं. चिऊने ते वाचलेलं नव्हतं, त्यामुळे ती आपल्या सवडीने सगळं करत होती. तरी एक गोष्ट मेहुणी सारखी बोलून दाखवायची. "बाकीचं काही हुकलं तरी चालेल, दाजी. तिचं पहिलं पाऊल मात्र मला बघायचंय. त्या दिवशी सगळं बंद." हे म्हणताना तिचा नेहमीचा ऐटदार आवाज जरा खाली यायचा, हे माझ्याही लक्षात आलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही मखमलाबादला गेलो. ओट्यावर झेंडूचा ढीग पडला होता. सासूबाई, अप्पा, बायको आणि मी माळा ओवत बसलो होतो. म्हणजे ते तिघं ओवत होते आणि मी सुई बोटात टोचून घेत होतो. मेहुणी मागच्या खोलीत दार लावून ऑनलाइन शिबिरात बसली होती. शिबिराचा विषय होता, हातातला क्षण कसा जगावा. एवढ्यात फुलांच्या क्रेटला धरून उभ्या राहिलेल्या चिऊने हात सोडला. जरा डुलली. आणि झेंडू तुडवत, दोन्ही हात वर करून, डुगडुगत थेट अप्पांच्या मांडीवर जाऊन कोसळली. मी भान विसरून टाळ्या वाजवल्या. बायको ओरडली, "अगं बाई, चालली!"

"गप!" सासूबाई म्हणाल्या.

आम्ही गप्प झालो. सासूबाई म्हणजे पोटात काही न राहणारी बाई. सकाळी कळलेली गोष्ट दुपारपर्यंत पंचवटीत पोचवतील. पण त्या दिवशी त्यांनी बंद दाराकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात बजावलं, "पोर चाललेली कुणी पाह्यली नाय. काय? जावईबापू, तुम्ही बी नाय."

"अहो, पण तिला सांगायला नको का?" मी म्हणालो.

"नाय म्हणले ना," त्या म्हणाल्या, आणि माळ ओवायला लागल्या. अप्पांनी मान खाली घातली. मला वाटलं, ते फुलं निवडताहेत.

दसरा झाला. सुट्ट्या होत्या म्हणून आम्ही तिथेच राहिलो, आणि चिऊने असहकार पुकारला. एकदा आजोबांपर्यंत जाऊन आल्यावर तिला चालण्यात फारसं तथ्य दिसेना. आम्ही चौघं मेहुणीच्या कामात सुट्टी झाली रे झाली की चिऊला क्रेटजवळ नेऊन उभी करायचो आणि ती मख्खपणे खाली बसायची. मी चिवड्याची बशी दाखवून पाहिली. बायकोने नाचून दाखवलं. शेवटी एका सकाळी मेहुणी लॅपटॉप मिटून बाहेर आली आणि ओट्यावर फतकल मारून नुसती बसली. कानात काही नाही, हातात काही नाही. कामाच्या दिवशी तिला असं बसलेलं पाहून अप्पांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तिने बाळाला हाकही मारली नाही. नुसती बघत राहिली. बऱ्याच वेळाने चिऊ उठली, आईकडे तोंड केलं आणि चालत येऊन तिच्या गळ्यात पडली. मेहुणी लहान पोरीसारखी रडली. आम्ही इतक्या आश्चर्याने ओरडलो की गोठ्यातली म्हैस बिथरली. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या.

दुपारी मी ओट्यावर आडवा झालो होतो. मेहुणी येऊन बाजूला बसली. आता गिटार निघणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"दाजी," ती म्हणाली, "त्या दिवशी चिऊ कुणाकडे गेली होती?"

मी उठून बसलो. "कुठल्या दिवशी?"

"मागच्या खोलीचं दार बंद होतं, माझे कान नाही. ताईचा आवाज, तुमच्या टाळ्या. आणि मग एकदम सगळे गप्प. आमच्या घरात एवढी शांतता कधी असते का?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "अप्पांकडे," मी म्हणालो.

"मीही पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेले होते म्हणे. आई तेव्हा फुलं घेऊन बाजारात बसली होती. संध्याकाळी ती दमून आली आणि अप्पांनी हौसेने सांगून टाकलं. त्या रात्री आई जेवली नाही. अजून भांडण झालं की ते निघतंच."

"मग तू का नाही बोललीस? एवढे दिवस आम्ही त्या पोरीमागे नाचतोय."

"आईसाठी. तिला वाटू दे ना, की निदान मला दिसलं."

इतक्यात कुंपणापाशी सासूबाईंचा आवाज चढला. शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या नातीनं पह्यलं पाऊल टाकलं ना, ते आईकडंच, बरं का! आम्ही समद्यांनी पाह्यलं!"

मेहुणीने डोळे पुसले आणि कुंपणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो गं आई, माझ्याकडेच!"