गोठ्यातली गेरूची जोडी

अकोल्याच्या जठारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं काढतो, बारशी काढतो. नवरदेवाच्या मामांना "जरा सरका" म्हणून म्हणून आवाज असा झालाय, की घरात पाणी मागितलं तरी बायको म्हणते, ओरडता काहून. रविवार मात्र माझा. त्या दिवशी मी जुन्या गोठ्यांचे फोटो काढतो. तिकडे चांदूर रेल्वे, इकडे पातूर, गाडी जाईल तिथपर्यंत जातो आणि पुढे चालतो.

लोक विचारतात, त्या शेणामुतात काय ठेवलंय? मी म्हणतो, तुम्ही गोठा कधी नीट पाहिलाय का? तुराट्यांचा कूड, त्यावर मातीचा लेप. लेप निखळला की तिथून ऊन आत येतं आणि कुटाराची, बारीक भुशाची धूळ त्यात तरंगत राहते. बैलांनी मान घासून घासून खांब असा गुळगुळीत केलेला असतो, की कोणत्याही सुताराला जमणार नाही. असा उजेड मला एकाही मंगल कार्यालयात मिळालेला नाही. आणि उजेड मला कळतो. हे मी कुणाला विचारून म्हणत नाही.

मागच्या फाल्गुनात पातूरकडच्या एका गावात असाच एक गोठा सापडला. मालक सत्तरीचा, मोजकं बोलणारा. मी पोचलो तेव्हा दिवस बुडत आला होता. आतल्या भिंतीवर गेरूनं काढलेली बैलजोडी होती, चांगली हातभर उंच. त्याची बायको दर पोळ्याला ती भिंत चुन्यानं पांढरी करायची आणि वर नवी जोडी काढायची. ही शेवटची. पोळा झाला आणि दिवाळीआधी ती वारली. आता पावसाळ्याच्या आत मुलगा गोठा पाडून टिनाचं शेड टाकणार होता. त्याला म्हाताऱ्याची ना नव्हती. म्हाताऱ्याला फक्त त्या भिंतीचा फोटो पाहिजे होता.

"तेवढा एक द्या साहेब," तो म्हणाला. "बाकी मले काही नाही पायजे."

मी एक काढला. अंधारलेला आला, त्यात जोडी कशीबशी ओळखू येत होती. कॅमेऱ्यात दाखवला, तर तो डोळे बारीक करून म्हणाला, दिसून तं राह्यली. मी हसलो. असला फोटो मी कुणाला देत नाही काका, असं सांगून त्याच्यासमोरच उडवून टाकला. गोठ्याचं दार पूर्वेला होतं, सकाळी आठला ऊन थेट त्या भिंतीवर येणार होतं. पुढच्या रविवारी आठला येतो आणि असा काढून देतो की पाहतच राहाल, एवढी शेखी मिरवून मी अकोल्याला परतलो.

शनिवारी सकाळी आठवण करून द्यायला फोन केला. तो सुनेनं उचलला. म्हातारा हरभरा काढायला शेतात गेला होता. उद्या गोठ्याचे फोटो काढायला येतो, एवढंच मी तिला सांगितलं. भिंतीचं काही बोललो नाही.

रविवारी रस्त्यावरूनच गोठा पांढरा दिसला. आत जमीन सारवलेली, दारात रांगोळी, आणि चारी भिंतींना ताजा चुना. जोडी गेली होती. सुनेच्या पदराला चुना लागलेला, तोंडावर कौतुक. अकोल्याहून माणूस येणार आणि गोठा भकास दिसला, तर लोक घरच्या बाईलाच नावं ठेवतील, म्हणून बिचारी दिवसभर राबली होती. मी भडकलोच. हे काय करून ठेवलं, असं माझ्या लग्नातल्या आवाजात विचारलं. तिचं तोंड उतरलं. मागे म्हातारा उभा होता.

"तिले काही म्हणू नका," तो म्हणाला. "तिची सासू बी दरसाल चुना मारून पुसेच. माह्याकडूनच सांगाचं राह्यलं."

तो मला दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. भिंत सुनेनं पुसली, पण त्याआधी फोटो मी पुसला होता. आणि कॅमेऱ्याच्या त्या कार्डावर मधल्या आठवड्यात दोन लग्नं काढून झाली होती. तो परत मिळणं शक्य नव्हतं. मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात ऊन आलं, अगदी मी सांगितलं तसं, कोऱ्या भिंतीवर. म्हातारा पुढे झाला आणि बोट टेकवून सुनेला सांगायला लागला, इथं शिंगं व्हती, इथं झूल. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. मी कॅमेरा उचलला आणि फोटो घेतला.

गोठा आता नाही. तो फोटो त्याच्या घरात समोरच टांगलेला आहे. पांढऱ्या भिंतीवर बोट टेकवलेला म्हातारा. आलेगेले पाहुणे विचारतात, काका, हे काय दाखवून राहिले? मी तिथं असलो की तो माझ्याकडे हात करतो.

"ह्यायले इचारा. ह्यायनं पाह्यली व्हती."

मग मी सांगतो. डाव्याचं शिंग आखूड होतं, उजव्याच्या झुलीला आरसे होते, दोघांचेही डोळे तिनं माणसासारखे काढले होते. चुकलो की तो चारचौघांत मला टोकतो, आणि मी पहिल्यापासून पुन्हा सांगतो.