मधलीला कुणी विचारलं नाही

तिघा भावंडांत ती मधली, म्हणून घरात सगळे तिला मधलीच म्हणत. ताईचे कपडे उतरून तिला मिळायचे आणि धाकट्याची भांडणं तिने मिटवायची. पुढे तिने कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

नवरा औषधांचा फिरता विक्रेता. अर्धा महिना बाहेरगावी. पण घरी असला की दुकानात बसून वर्तमानपत्रातल्या जाहिराती वेगवेगळे आवाज काढून वाचून दाखवायचा. घर विकणाऱ्याचा आवाज रडका, नोकर शोधणाऱ्याचा करडा. मधली हसायची आणि शिवण वाकडी जायची.

एकदा त्याच्या कोटाचं अस्तर बदलताना खिशात बाळाच्या लसीकरणाचं कार्ड निघालं. वडिलांच्या जागी त्याचं नाव. या दोघांना मूल नव्हतं. विचारल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "दोन वर्षं झाली," म्हणाला, आणि जाता जाता बोलून गेला, "तुझ्या ताईला माहीत आहे."

ताई प्रसूतिगृहात नर्स होती. मधलीने तिला गाठलं तेव्हा ती चादरींच्या घड्या घालत होती.

"त्या बाईला बाळंतपणाला आमच्याकडेच आणलं होतं त्याने," ताई मान खाली घालून म्हणाली. "आईचं ऑपरेशन तोंडावर होतं, मग धाकट्याचं लग्न. वाटलं, येईल तो ठिकाणावर. आणि तू आपली समजूतदार."

"समजूतदार आहे म्हणून सांगायचं नाही?"

ताईने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

नवरा बॅग घेऊन गेला. धाकटा त्याचे पाय मोडायला निघाला होता, त्यालाही हिनेच शांत केलं. ताईशी मात्र आठ महिने अबोला. मशीन चालवताना कान जाहिरातींकडे लागायचे, आणि मन भरून आलं की पंचाईत व्हायची. ताईने दुखावलं हे सांगायलाही तिला ताईच हवी होती.

शेवटी ताईच ड्युटी संपवून दुकानात आली.

"चुकलं माझं. सगळ्यांचा विचार केला, तुझा तेवढा राहिला."

"नेहमीचंच आहे," मधली म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडली. "मला तो आठवतो गं, ताई. इतकं होऊनही."

"आठवणारच," ताई म्हणाली. विसर, असं म्हणाली नाही.

पुढच्या महिन्यात वकिलाकडे घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या. ताई सोबत होती. बाहेर पडल्यावर तो घुटमळला, तीही क्षणभर थांबली. तेवढ्यात बस आली आणि दोघी बहिणी चढल्या. खिडकीतून तिला दिसलं, त्याच्या शर्टाची बाही खांद्याशी उसवली होती. बस वळेपर्यंत ती तिकडेच पाहत राहिली.