डाव्या बाजूची थाप

पंधरा वर्षांपूर्वी माझी पोस्टिंग उत्तरेकडे, एका नाल्याच्या काठच्या ठाण्यावर होती. मी व्हेईकल मेकॅनिक, हुद्दा नाईक. तंबूतलं वर्कशॉप, सहा गाड्या, एक जनरेटर. सकाळी सहाला इंजिनं गरम करायची, आठला ब्रेक तपासायचे, रात्री एकही गाडी खोललेली ठेवायची नाही. लोक विचारतात, गोळीबार किती पाहिलात? खरं सांगायचं तर माझी नोकरी गाड्यांखाली आडवं पडून झाली.

नाईक विलास तांबे ड्रायव्हर होता. घर कांदिवलीला, बोली मालवणी. रँक एकच, म्हणून आमचं अरे-तुरे. नाला ओलांडताना त्याच्या जीपचं पोट दगडांवर घासायचं. मेजरसाहेबांनी हुकूम दिला, गाडी चार इंच उचला. जीपच्या मागे पोलादी पाटे असतात, एकावर एक रचलेल्या जाड पट्ट्या. मी चाकं जोडणारा एक्सल आणि पाटे यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे घातले आणि लांब यू-बोल्टांनी सगळं आवळून टाकलं. काम संध्याकाळी सातला संपलं. तांबेने एक फेरी मारली, उतरला आणि कंबर चोळली.

"ही गाडी चालणा नाय रे, नुसती उडता."

"उद्या मऊ करतो. सकाळी सहाला नट पुन्हा कसायचे आहेत. तोवर हलवू नको."

नवे ठोकळे थोडे दबतात, बसतात. मग नट सैल पडतात. म्हणून थोडं चालवून ते पुन्हा कसावे लागतात. हे आम्हाला पहिल्या वर्षात शिकवतात.

सकाळी ५.१० ला वरच्या पोस्टवरून रेडिओ आला. एका जवानाला श्वास घेता येत नव्हता, ऑक्सिजन हवा होता. तांबेची जीप तेवढी वर्कशॉपच्या तंबूत होती; बाहेरच्या गाड्या गारठल्या होत्या, चालू व्हायला अर्धा तास लागला असता. तांबेने सिलिंडर मागे बांधले. धुकं असं होतं की बॉनेटच्या पुढे जगच नव्हतं.

"नट कसायला किती वेळ?" त्याने विचारलं.

"पंधरा मिनिटं."

निर्णय माझा होता.

"जा," मी म्हणालो. "आल्यावर कसतो."

आमच्याकडे रिवाज होता. पत्र्यावर दोन थापा म्हणजे चल. एक थाप म्हणजे थांब. मी जीपच्या डाव्या बाजूला दोन थापा दिल्या.

५.४० ला कंट्रोलने रेडिओवर तांबेला विचारलं, "ब्राव्हो फोर, लोकेशन सांगा. ओव्हर."

"तिसरं वळण पार. ओव्हर."

त्यानंतर ब्राव्हो फोर बोलला नाही. आम्ही सेटजवळ बसून होतो. अकरा वाजता धुकं उठलं तेव्हा जीप दिसली, रस्त्यापासून बरीच खाली. तांबे गेला होता. तोपर्यंत दुसरे सिलिंडर जवानांनी पाठीवर वर नेले होते. तो आजारी जवान वाचला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, झाली. धुक्यात ड्रायव्हरचा अंदाज चुकला, असा निष्कर्ष निघाला. मी जीप वर ओढताना मागचा एक्सल पाहिला होता. डाव्या बाजूचा ठोकळा जागेवर नव्हता. मला तसं कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

हवालदार होऊन मी रिटायर झालो. आता मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा भाड्याने घेऊन गाड्यांची कामं करतो.

गेल्या थंडीत एका सोमवारी मुलुंडहून नेहा साठे आल्या. आर्किटेक्ट आहेत. त्यांनी सेकंडहँड चार बाय चार घेतली होती, आधीच्या मालकाने चार इंच उचललेली. पुढे-मागे जास्तीचे कडक पाटे, खाली ठोकळे, मोठे टायर दगडासारखे फुगवलेले.

"अण्णांना गावी न्यायचंय," त्या म्हणाल्या. अण्णा त्यांचे वडील, शहात्तर वर्षांचे, मणक्याचं ऑपरेशन झालेले. "शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता आहे, म्हणून उंच गाडी घेतली. पण अंधेरीपर्यंत आणली तरी ते विव्हळायला लागले. वाट लागली त्यांची. शनिवारी सकाळी निघायचंय. होईल ना?"

"होईल," मी म्हणालो. ठोकळे पाहून नको म्हणावंसं वाटलं होतं, तरी म्हणालो.

मंगळवारी जास्तीचे पाटे काढले, राहिलेल्यांचा गंज घासून मध्ये ग्रीस भरलं. बुधवारी वाळलेले रबरी बुश बदलले आणि गाडी चाकांवर उभी करून मगच त्यांचे बोल्ट कसले. हवेत लटकत्या गाडीचे कसले तर रबर पिळवटलेलंच राहतं आणि गाडी आदळते. मग योग्य लांबीचे मऊ शॉकअ‍ॅब्सॉर्बर बसवले आणि टायरची हवा जवळपास निम्म्यावर आणली. कच्च्या रस्त्यासाठी उंची लागणार होती, म्हणून दोन इंच राखले. म्हणजे मागे छोटे ठोकळे आले. नवे यू-बोल्ट दुकानदार सोमवारी देणार होता. मी जुनेच कापून वापरले.

गुरुवारी संध्याकाळी सहाला उंची मोजली. दोन्ही बाजू सारख्या. शुक्रवारी पहाटे गाळा उघडला तर गाडी डावीकडे दोन सेंटीमीटर खाली होती. कोणीतरी डाव्या बाजूला बसलंय, अशी. मी दार उघडून सीट पाहिली. रिकामी होती. सीटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग स्वतःला सांगितलं, गाळ्याची फरशी उतरती आहे. ही गाडी चार दिवस त्याच फरशीवर उभी होती, हे मी मनात येऊ दिलं नाही.

अण्णांच्या वजनाची वाळूची गोणी डाव्या सीटवर ठेवून बेल्ट लावला आणि ६.२० ला आरेच्या रस्त्याला लागलो. पन्नास किलोमीटर चालवायची आणि नट पुन्हा कसायचे, असा बेत. त्या दिवशी आरेत धुकं होतं. झाडं अर्धवट दिसत होती, तबेल्यांकडून म्हशींचा आवाज यायचा पण म्हशी दिसत नव्हत्या. गाडी सुरेख चालत होती. खड्डा यायचा, पाटे तो गिळायचे. मी फेऱ्यांवर फेऱ्या मारत होतो. धुकं वाढत गेलं. बेल्ट लावलेली गोणी डोळ्याच्या कोपऱ्यातून माणसासारखी दिसायची, म्हणून मी तिकडे बघणं सोडलं. एकदा वाटलं, ती वळणावर माझ्याबरोबर किंचित कलते. गोणी कलणारच.

एकतिसाव्या किलोमीटरला, उतारावर, डाव्या बाजूच्या पत्र्यावर थाप पडली.

एकच. उघड्या तळहाताची.

मी ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. दुसऱ्या थापेची वाट पाहिली, किती वेळ ते सांगता येणार नाही. दुसरी पडली नाही.

"कोण आहे?" मी विचारलं.

कोणी नव्हतं. रस्ता मागे-पुढे रिकामा. मी उतरून गाडीच्या डाव्या बाजूला गेलो. पत्र्यावर दव जमलं होतं, त्यावर बोट लागल्याचीही खूण नव्हती. मग सवयीने खाली वाकून टॉर्च मारला. मागच्या डाव्या यू-बोल्टचे दोन नट आटे सोडून शेवटच्या टोकाला आले होते. ठोकळा अर्धा बाहेर सरकला होता. पुढचं वळण साधारण शंभर पावलांवर होतं.

मेकॅनिक म्हणून मला कळतं की ठोकळा सरकताना आवाज होतो. तो आवाज गाडीच्या खालून येतो, आणि तो लोखंडावर लोखंडाचा असतो. मी आयुष्यभर ते आवाज ऐकलेत. मी ऐकलं ते मी वर लिहिलंय. त्याहून जास्त मला माहीत नाही.

मी रस्त्याच्या कडेला बसलो. साडेआठला साठे मॅडमना फोन केला.

"गाडी उद्या मिळणार नाही. मंगळवारी देतो."

"असं कसं? अण्णांनी गावी कळवलंय. काल तर तुम्ही म्हणालात झालंच आहे."

"मी घाईत जुने बोल्ट वापरले. चूक माझी आहे. उद्या गाडी दिली असती तर ठोकळा घाटात सुटला असता."

त्या म्हणाल्या, "मंगळवारी सांगा, मी येते. पण तुम्ही ठीक आहात ना?"

मंगळवारी नवे यू-बोल्ट लावले, पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा कसले, शंभरनंतर परत एकदा तपासले. नट जागचे हलले नव्हते. संध्याकाळी अण्णा स्वतः आले. मरोळहून पवईपर्यंतचे सगळे खड्डे मी मुद्दाम घेतले. परत आल्यावर ते कशाला न धरता उतरले.

"पाठीला कळलंच नाही काही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी बापलेक गावी गेले आणि नीट परत आले.

त्या रविवारी मी कांदिवलीला गेलो. तांबेची बायको सुनंदा तिथेच राहते, आता शिवणाचे क्लास घेते. दर वर्षी मी तिला एकदा फोन करायचो, तब्येत विचारायचो आणि ठेवून द्यायचो. या वेळी समोर बसून सगळं सांगितलं. ठोकळे, पंधरा मिनिटं, दोन थापा. आरेतली थापही सांगितली. तिने मला मध्ये थांबवलं नाही.

"तुम्ही हे तेव्हा का नाही बोललात?" तिने शेवटी विचारलं.

"भीती वाटली. मग उशीर झाला."

ती उठून आत गेली. मला वाटलं आता मी निघावं. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, पण तो माझ्यापुढे ठेवला नाही, हातातच धरून उभी राहिली.

"मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका," ती म्हणाली. "ते मला आज जमणार नाही. पण माझ्या मुलीला लहानपणापासून ऐकवलंय लोकांनी, तुझ्या बापाने गाडी दरीत घातली. ती गाडीत बसली की डोळे मिटून घेते. तुम्ही मला सांगितलंत तसं लिहून द्याल? तिच्यासाठी. आणि बाकी सगळ्यांसाठीही."

"देतो."

"त्याच्याबद्दल पण लिहा. नुसतं गाडीबद्दल नको."

म्हणून हे लिहिलं. नाईक विलास तांबे, वय एकतीस, राहणार कांदिवली. पत्र आलं की तो ते तीनदा वाचायचा आणि तिसऱ्यांदा मोठ्याने. मुलीचं वजन किती झालं हे त्याला ग्रॅमसकट पाठ असायचं. नऊ वर्षांत त्याने गाडीला कधी साधा ओरखडा येऊ दिला नव्हता. त्या सकाळी आजारी माणसासाठी तो धुक्यात गेला, आणि जाण्याआधी जे विचारायला हवं होतं ते त्याने विचारलं होतं. त्याचा अंदाज चुकला नव्हता. गाडी त्याने शेवटपर्यंत बरोबर चालवली.