पट्टीखालचा उजेड

पन्नाशीला शिकायची म्हणून मी एक जुनी गिटार हौसेने घरी आणली आणि आवाज खणखणीत यावा म्हणून तिला पोलादी तारा चढवल्या. गिटार होती नायलॉनच्या तारांची. महिनाभरात त्या ओढीने तिच्या पुढच्या फळीला माझ्यासारखंच पोट सुटलं.

"साहेब, हिला एवढा ताण झेपत नाही," दुरुस्तीवाले काका म्हणाले. "तारा काढा आणि नुसती पडून राहू द्या. लाकूड आपणहून मागे आलं तर ठीक. नाहीतर फळी उघडावी लागेल, आणि मग हाच आवाज राहील असं नाही."

तेव्हापासून रोज सकाळी मी टेबलाशी गुडघे टेकतो, फळीवर लेकीची स्टीलची पट्टी आडवी ठेवतो आणि तिच्या टोकांखालून येणारा उजेड बघतो. आठवडाभर तो तसाच होता. आज किंचित बारीक वाटला. भिंतीची चीर वाढली, केस गेले, हे मला लगेच कळतं. हळूहळू बऱ्या होणाऱ्या गोष्टीकडे एवढं वाकून मी कधी बघितलंच नव्हतं. त्यातून ती मी हात काढून घेतल्यावर बरी होत असेल, तर पचायला जरा जडच.

"अहो, पोहे गार झाले," म्हणत बायको आली. मी तिला पट्टी दाखवली. तिने चष्मा कपाळावर चढवला, शेजारी गुडघे टेकले आणि बराच वेळ बघितलं.

"कमी झालंय," ती म्हणाली. "पण आता तारा मी सांगेन तेव्हाच लावायच्या."